जुने, नवे आणि मधली जागा : कळव्यातून पाहिलेले शहराचे वास्तुशिल्प

प्रास्ताविक

डिझाइनचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला शहराच्या वास्तुशिल्पाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. तो ज्या वस्तू, फलक, अक्षरे किंवा अंतर्गत रचना घडवणार असतो, त्या अखेर कुठल्या तरी जिन्यात, फलाटावर, दुकानात किंवा घरात वापरल्या जाणार असतात. मात्र ही ओढ बहुधा दोन टोकांमध्ये विभागलेली आढळते. एका टोकाला जुनी, नामांकित, दगडी वास्तू असते. दुसऱ्या टोकाला नवा, काचेचा, उंच मनोरा असतो. पहिल्या वास्तूचे वहीत रेखाटन होते, तर दुसऱ्या वास्तूचे संगणकावर प्रतिरूप तयार होते. या दोहोंच्या दरम्यान जे शहर पसरलेले आहे, ज्यात बहुसंख्य माणसे राहतात आणि पुष्कळदा तो विद्यार्थी स्वतःही राहतो, त्या शहराला मात्र अभ्यासात स्थान मिळत नाही.

ठाणे महापालिका क्षेत्रातील कळवा हे अशा मधल्या शहराचे ठळक उदाहरण होय. खाडीच्या एका तीरावर ठाण्याचा इतिहास आहे, तर दुसऱ्या तीरावर कळवा, खारेगाव, विटावा ही मूळची गावे आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या वस्त्या आहेत. प्रस्तुत लेखात कळव्याच्या संदर्भात ‘जुने’ आणि ‘नवे’ या दोन कल्पनांची चिकित्सा केली असून, वास्तूचे मोल तिच्या वयावर किंवा शैलीवर न ठरता घर आणि रस्ता यांच्यामधल्या जागेवर ठरावे, असे प्रतिपादन केले आहे. ही चर्चा केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. येत्या काळात कळव्यातील जुन्या वस्त्यांचा मोठा भाग पुनर्विकासात जाणार आहे. त्या वस्त्यांतून काय शिकावयाचे, हे आज ठरले नाही तर पुढे शिकण्यासाठी काही उरणार नाही.

विद्यार्थ्याची नजर कशी घडते?

कळव्याहून धीम्या लोकलने निघालेला विद्यार्थी तासाभराच्या प्रवासानंतर ज्या स्थानकात उतरतो, ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे ‘जुन्या’ वास्तुशिल्पाचे सर्वमान्य उदाहरण आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात ही इमारत उभी राहिली आणि २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. पुढे २०१८ साली मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहालाही तोच दर्जा मिळाला. टर्मिनसवरील पाने, फुले, पक्षी आणि प्राणी यांच्या कोरीव कामात १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा सहभाग होता, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आज जी वास्तू विद्यार्थी ‘जुनी’ म्हणून रेखाटतो, ती घडत असताना त्याच्याच वयाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नवी’ होती. त्यांनी परदेशी आराखड्यात इथल्या वनस्पती आणि प्राणी आणून बसवले. जुन्या-नव्याची सीमारेषा किती सरकती असते, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

ऑस्ट्रियन कला-इतिहासकार अलॉइस रीगल यांनी १९०३ साली स्मारकांविषयीच्या आपल्या निबंधात वास्तूच्या मूल्यांचे पृथक्करण केले. वास्तूला इतिहासामुळे मूल्य येते, वयाच्या खुणांमुळे येते, वापरामुळे येते आणि केवळ नवेपणामुळेही येते. ही मूल्ये परस्परांशी झगडत असतात, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. या कसोटीवर पाहिल्यास डिझाइनच्या विद्यार्थ्याची नजर प्रामुख्याने दोनच मूल्यांवर पोसलेली दिसते. टर्मिनसकडे तो वयोमूल्यासाठी पाहतो आणि मनोऱ्याकडे नवेपणासाठी. उपयोगमूल्य, म्हणजे वास्तू रोज कशी वापरली जाते हा विचार, मागे पडतो. वास्तविक डिझाइन या विद्याशाखेचा पाया उपयोगमूल्यातच आहे.

भारतातील डिझाइन-शिक्षणाचा प्रारंभ ज्या अहवालापासून मानला जातो, तो चार्ल्स आणि रे ईम्स यांचा ‘इंडिया रिपोर्ट’ १९५८ साली सादर झाला. त्यानंतर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. या अहवालात ईम्स दांपत्याने आदर्श म्हणून निवडलेली वस्तू होती साधा लोटा. कुणा एका कलावंताने न घडवलेली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून आकाराला आलेली, हाताला, कमरेला आणि विहिरीला जुळणारी वस्तू म्हणून त्यांनी लोट्याकडे पाहिले. लोट्याचा हा धडा डिझाइनच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. परंतु तोच विद्यार्थी संध्याकाळी घरी परतताना चाळीचा ओटा ओलांडतो, तेव्हा तो ओटाही वास्तुशिल्पातला एक लोटाच आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

कळव्यातील वास्तूंचे चार थर

कळव्याची वाढ समजून घेण्यासाठी भूगोल आणि वाहतूक यांचा विचार क्रमप्राप्त ठरतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोहोचला. १९१६ साली सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा सुरू झाला. पुढे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा विकसित झाला आणि कारखान्यांतील कामगारांना परवडणाऱ्या घरांची गरज निर्माण झाली. एकीकडे खाडी, दुसरीकडे पारसिकचा डोंगर आणि मध्ये रेल्वे, अशा चिंचोळ्या भूमीवर ही वस्ती वाढत गेली. तिच्यात वास्तूंचे चार थर स्पष्टपणे ओळखता येतात.

पहिला थर गावठाणातील घरांचा. आगरी-कोळी वस्तीतील जुन्या घरांची रचना अंगण, पडवी, ओटी, माजघर अशा क्रमाने आत जाते. रस्त्यावरचा परका माणूस, ओळखीचा शेजारी, सोयरा आणि घरचा माणूस यांनी कुठपर्यंत यावे, हे या क्रमातून दार न लावताही सांगितले जाते. जाळी विणणे, धान्य वाळवणे, हळदीचा मांडव घालणे या सर्वांना तीच जागा पुरते.

दुसरा थर बैठ्या चाळींचा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला पुढे हात-दीड हात रुंदीचा ओटा असतो. गावातल्या ओटीचे हे आक्रसलेले रूप होय. त्यावर पाण्याचे पिंप, तुळशीची कुंडी, चपला आणि अभ्यासाला बसलेला मुलगा यांची एकाच वेळी सोय लागते. मजल्यांच्या चाळीत हेच काम सामाईक गॅलरी करते. गॅलरी ही केवळ ये-जा करण्याची वाट नसते. पश्चिमेकडून येणारा पाऊस आणि दुपारचे ऊन ती खोलीच्या भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही.

तिसरा थर उद्‌वाहन नसलेल्या तीन-चार मजली इमारतींचा. येथे सामाईक गॅलरी नाहीशी होऊन प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र बाल्कनी मिळाली. पुढे जागेच्या टंचाईमुळे बहुतेक बाल्कन्या खोलीत घेतल्या गेल्या आणि खिडक्यांना बाहेर काढलेल्या लोखंडी जाळ्या बसल्या. या जाळ्यांना विद्रूप म्हणण्याची रीत आहे. तथापि त्यात ठेवलेल्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे आणि भांडी पाहिल्यास, आराखड्यातून वगळलेला ओटा रहिवाशांनी हवेत लटकवून परत मिळवला आहे, असेच म्हणावे लागते.

चौथा थर नव्या गृहसंकुलांचा. येथे तळमजल्यावर आणि त्यावरील काही मजल्यांवर वाहनतळ, त्याच्या माथ्यावर उद्यान आणि त्यावर सदनिका अशी रचना रूढ झाली आहे. प्रवेशद्वारावर कधी रोमन धाटणीचे खांब, तर कधी काच आणि धातूचे आवरण दिसते. या संकुलांतील घरांना मिळणारी हवा, उजेड, पाणी आणि स्वतंत्र शौचालय या गोष्टी निश्चितच मोलाच्या आहेत. मात्र घराच्या दारातून बाहेर पडलेला माणूस थेट कृत्रिम उजेडाच्या लॉबीत येतो, तेथून उद्‌वाहनात आणि तेथून वाहनतळात. रस्त्याच्या वाट्याला येते ती केवळ संरक्षक भिंत.

मधल्या जागेचा निकष

या चार थरांची तुलना केल्यास जुने म्हणजे चांगले आणि नवे म्हणजे वाईट, किंवा याच्या उलट, असा निष्कर्ष काढता येत नाही. फरक मधल्या जागेचा आहे. घर संपते आणि रस्ता सुरू होतो, त्या दोहोंमधला प्रदेश कोणत्या रुंदीचा, कोणाच्या मालकीचा आणि कोणत्या वापराचा आहे, हा खरा निकष होय.

आधुनिक वास्तुशिल्पात ही जागा शक्य नसते, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर कळव्यातूनच जाणाऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पुढे बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात कोरिया यांनी ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत रचली. सात घरांच्या मध्ये आठ बाय आठ मीटरचे अंगण, अशा तीन समूहांमध्ये आणखी मोठे अंगण, असा तिचा क्रम आहे. शेजारच्या घराशी भिंत सामाईक नसल्याने प्रत्येक कुटुंबाला आपले घर स्वतंत्रपणे वाढवता यावे, हा त्यामागील हेतू होता. कालांतराने तेथील अनेक घरे मालकांनी मुळापासून बदलली. छायाचित्रांतली मूळ रूपे शोधत जाणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळे निराशा होते. परंतु या वसाहतीचे यश घरांच्या दर्शनी रूपात शोधणेच चुकीचे आहे. घरे बदलली तरी त्यांना बांधणारी अंगणाची कल्पना समजून घेता येते, आणि तीच त्या आराखड्याची मुख्य देणगी आहे.

कोरिया यांच्याच मुंबईतील ‘कांचनजंगा’ या २८ मजली इमारतीत, १९८३ साली, हाच विचार उंचीवर नेलेला दिसतो. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, पण ऊन आणि पाऊसही त्याच दिशेने येतात. जुन्या बंगल्यांनी व्हरांडा देऊन हा पेच सोडवला होता. कांचनजंगामध्ये दुमजली उंचीच्या कोपऱ्यातील गच्च्या तेच काम करतात. ही इमारत श्रीमंतांसाठी होती, हे खरे. म्हणूनच तिच्यातून उद्भवणारा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जी सोय चाळीतल्या कामगाराला गॅलरीच्या रूपाने सहज उपलब्ध होती, ती उंच इमारतीत केवळ धनिकांनाच का परवडावी?

या प्रश्नाचे उत्तर अंशतः नियमांच्या स्वरूपात आहे. महाराष्ट्राच्या २०२० सालच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत चटईक्षेत्राचा हिशेब नव्याने मांडला गेला आणि पूरक चटईक्षेत्राची तरतूद झाली. नियमाची भाषा चौरस मीटरची असते; ती अपरिहार्यही आहे. पण मधल्या जागेचे मोल चौरस मीटरमध्ये मोजले की ती विक्रीयोग्य खोलीशी स्पर्धा करू लागते आणि बहुधा हरते. बांधणारा तिला खर्च समजतो, घेणारा तिला वाया गेलेली जागा समजतो.

वास्तूच्या अशा अनुभवनिष्ठ विचाराची परंपरा मराठीला नवी नाही. बडोद्याच्या विद्यापीठात वास्तुकलेचे अध्यापन करणारे माधव आचवल यांनी ‘किमया’ या पुस्तकातून वास्तूचा आस्वाद मराठी ललित गद्यात आणला. इमारतीकडे अवकाशाचा अनुभव म्हणून पाहता येते, हे त्यांनी मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत दाखवून दिले. डिझाइनच्या वर्गात परकीय ग्रंथांच्या बरोबरीने या पुस्तकाला स्थान मिळाल्यास, ओटी, पडवी, सज्जा, सोपा, परसू या शब्दांत साठवलेले वास्तुज्ञान विद्यार्थ्याच्या हाती लागेल. शब्द गेला की त्याने दाखवलेली जागाही दिसेनाशी होते.

गौरवीकरणाची मर्यादा आणि दोन याद्या

चाळ आणि ओटा यांविषयीचे हे विवेचन स्मरणरंजनाकडे झुकण्याचा धोका आहे, आणि त्याची दखल घेणे आवश्यक आहे. सामाईक नळ आणि सामाईक शौचालय यांचा भार प्रामुख्याने स्त्रियांनी वाहिला. ज्या गॅलरीत शेजारधर्म होता, त्याच गॅलरीत पाळतही होती. चाळ सोडून स्वतंत्र दाराच्या घरात गेलेल्या कुटुंबाच्या आनंदाला कोणत्याही समीक्षकाने कमी लेखू नये.

याहून गंभीर मुद्दा जीविताच्या सुरक्षिततेचा आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्यानजीक शीळ येथे बेकायदा बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत जुनी नव्हती, नवीच होती. जुलै २०२१ मध्ये कळव्यातील घोलाईनगर येथे डोंगराची दरड घरांवर कोसळून पाच जण मृत्युमुखी पडले. या दोन घटना जुन्या-नव्याच्या चर्चेला वेगळे वळण देतात. पहिलीत नवेपणाने संरक्षण दिले नाही. दुसरीत घर कसे आहे यापेक्षा ते कुठे बांधावे लागले, हा प्रश्न निर्णायक ठरला.

शहरातील जुन्या इमारतीची सार्वजनिक नोंद साधारणतः दोन याद्यांमध्ये होते. एक वारसा यादी आणि दुसरी धोकादायक इमारतींची यादी. १७३० साली पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला आणि पुढे कारागृह झालेला ठाण्याचा किल्ला, १८७९ साली उभारलेले टेंभी नाक्याचे ‘शआर हाशामायिम’ हे सिनेगॉग, अशा वास्तूंकडे वारशाच्या नजरेने पाहिले जाते. खाडीपलीकडील कळव्याच्या वस्त्यांचा उल्लेख मात्र प्रामुख्याने दुसऱ्या यादीत येतो. पावसाळ्यापूर्वी महापालिका ही यादी प्रसिद्ध करते. त्यातील ‘सी-१’ वर्गातील इमारत तातडीने रिकामी करून पाडावयाची असते. पहिल्या यादीतील इमारतीचा अभ्यास होतो, दुसऱ्या यादीतील इमारतीची केवळ तपासणी होते. तपासणी इमारत किती काळ उभी राहील हे सांगते. ती माणसांना कशी सामावून घेत होती, हे सांगत नाही.

ठाण्यात समूह विकास योजनेद्वारे अशा वस्त्यांचा पुनर्विकास करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले आहे. धोकादायक इमारतींतील कुटुंबांना सुरक्षित घर मिळणे हा त्यांचा हक्क आहे, आणि त्या हक्काच्या आड कोणताही वास्तुप्रेमी विचार येता कामा नये. तथापि या प्रक्रियेत मोजमाप होते ते रहिवाशाच्या पात्रतेचे आणि खोलीच्या क्षेत्रफळाचे. ओट्याची रुंदी, गल्लीतील सावली, जिन्याखालची इस्त्रीवाल्याची जागा, आजीच्या बसण्याचा कोपरा यांचे मोजमाप कोणीच करत नाही. परिणामी, नव्या घराचा आराखडा काढणाऱ्यापुढे या गोष्टी कधी नव्हत्याच, अशी स्थिती निर्माण होते.

डिझाइनच्या विद्यार्थ्याचे काम नेमके येथे सुरू होते. टर्मिनसचे शंभरावे रेखाटन करण्याऐवजी त्याने एका बैठ्या चाळीचा मोजून काढलेला नकाशा, दिवसातील तीन वेळांना ओट्याचा होणारा वापर आणि रहिवाशांच्या तोंडची नावे यांची नोंद केली, तर वारसा यादी आणि धोकादायक यादी यांच्याखेरीज एक तिसरी यादी तयार होईल. ती इमारत वाचवण्यासाठी नसेल. इमारत पाडल्यानंतर तिच्यातील शहाणपण वाचावे, यासाठी असेल. पुनर्विकासाच्या बैठकीत रहिवाशाला ‘जास्त क्षेत्रफळ’ एवढीच मागणी आज शब्दांत मांडता येते. अशी नोंद हाती असेल तर प्रत्येक मजल्यावर उजेडाची, बसता येईल अशी सामाईक जागा हवी, हेही त्याला नेमकेपणाने मागता येईल.

निष्कर्ष

१) डिझाइनच्या विद्यार्थ्याच्या वास्तुविषयक आस्थेत वयोमूल्य आणि नवेपणाचे मूल्य यांना अवाजवी स्थान मिळालेले असून, त्याच्या विद्याशाखेचा मूळ आधार असलेले उपयोगमूल्य दुर्लक्षित राहिले आहे.

२) कळव्यातील गावठाण, बैठी चाळ, मजली इमारत आणि गृहसंकुल या चार थरांमध्ये खरा भेद काळाचा नसून घर आणि रस्ता यांमधल्या जागेचा आहे.

३) ही जागा आधुनिक रचनेत अशक्य नाही, हे बेलापूरची वसाहत आणि कांचनजंगा या दोन उदाहरणांवरून दिसते. मात्र सामान्यांच्या उंच इमारतीत ती आणण्यासाठी नियम, खर्च आणि मागणी या तिन्ही पातळ्यांवर प्रयत्न आवश्यक आहेत.

४) जुन्या वस्त्यांचे गौरवीकरण आणि त्यांच्याकडे केवळ धोका म्हणून पाहणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. सुरक्षित घराचा हक्क निर्विवाद मानूनच त्या वस्त्यांतील अवकाश-रचनेची पद्धतशीर नोंद होणे गरजेचे आहे.

५) ही नोंद करण्यास कळव्यात राहणारा विद्यार्थी सर्वाधिक पात्र आहे. त्याला त्यासाठी लोकल पकडण्याचीही आवश्यकता नाही. आपल्याच दारात मोजपट्टी घेऊन बसणे पुरेसे आहे. मात्र पुनर्विकासाचे काम सुरू होण्यापूर्वी त्याने बसावयास हवे.